शाकाहाऱ्यानं कोणता वाडगा निवडावा: फो की बुन ह्वे?

व्हिएतनामला निघालेल्या, किंवा तिथलं नूडल सूप घरी करायचं ठरवलेल्या शाकाहाऱ्याच्या डोक्यात आधी फो येतो. जगभर पोचलाय तोच. पण मांसाशिवाय करायचं असेल, तर ह्वे शहरातलं तिखट सूप, बुन बो ह्वे, फोपेक्षा जास्त अस्सल उतरतं असं माझं ठाम मत आहे.

फो उत्तरेकडचा, हनोई आणि नाम दिन्ह भागातला. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धणे, मसाला वेलची, भाजलेलं आलं आणि कांदा, सगळं आपल्या ओळखीचं. पण हे मसाले सुगंध देतात. रश्श्याला अंग येतं ते तासन्‌तास उकळलेल्या गाईच्या हाडांमुळे. ती काढली की राहतं मसाल्याचं पाणी. ती उणीव भरून काढायला मशरूमना बरंच काम करावं लागतं. ह्वेच्या सुपाची ओळख मात्र गवती चहा, लाल तिखट तेल आणि जवळा आंबवून केलेली पेस्ट या तिघांवर उभी आहे. पहिली दोन मुळातच शाकाहारी. तिसरीच्या जागी चाओ, म्हणजे आंबवलेलं टोफू घालतात. तेही खारट आणि उग्रच असतं, त्यामुळे गोमांस नसलं तरी सूप ह्वेचंच लागतं.

आता मिळण्याचं. साध्या फोच्या दुकानात ‘मांस नको’ सांगितलंत तर वरचे तुकडे जातील, रस्सा हाडांचाच येईल, आणि त्यात माशांचा सॉस, नुक माम, असेलच. तिथे बसूच नका. पाटीवर ‘सी-एच-ए-वाय’ ही अक्षरं शोधा. ही बौद्ध परंपरेतली शाकाहारी दुकानं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, एरवी मांस खाणारी अनेक माणसंही शाकाहार पाळतात. तेव्हा असं जेवण सहज मिळतं आणि दुकानांत गर्दीही असते. ह्वेमध्ये ही परंपरा फार मुरलेली. 1802 ते 1945 इथे न्ग्वेन घराण्याची राजधानी होती, आणि बौद्ध विहारांचं तर हे शहरच. म्हणून या सुपाचा शाकाहारी अवतार शक्यतो तिथेच खा.

कडक बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, त्यामुळे ते न खाणाऱ्यांना या दुकानांत मोठा दिलासा आहे. जैन वाचकांना मात्र सांगायला हवं, रश्श्यात मुळा-गाजर हमखास असतं. अंडं काही ठिकाणी चालतं, विचारून घ्या. वाडग्यात मांसासारखे दिसणारे तुकडे आले तर ते सोयाचे किंवा गव्हाच्या ग्लुटेनचे असतात. आवडत नसतील तर आधीच नको म्हणा.

दक्षिणेत सायगावला हु तियू या नूडल सुपाचा शाकाहारी प्रकार मिळतो. रस्सा निवळ, किंचित गोडसर, मुलांना चालेल असा. बुन रिउ या टोमॅटोच्या नूडल सुपाच्या शाकाहारी प्रकारात खेकड्याऐवजी टोफू घातलेलं असतं. टोमॅटोचं सार आवडणाऱ्याला ते पटकन जवळचं वाटेल.

अमेरिकेत सॅन होजेसारख्या, व्हिएतनामी वस्ती मोठी असलेल्या शहरांत राहणाऱ्यांनी एक जपावं. मेनूवरचा ‘व्हेजिटेबल फो’ कित्येकदा गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यातच असतो. रस्सा कशाचा, हा प्रश्न आधी.

घरी करताना दोन्हींचा पाया एकच. चौघांसाठी अडीच लिटर पाणी, आठ-दहा सुके शिताके मशरूम (भिजवलेलं पाणीही वापरा, खरी चव तिथेच असते), एक पांढरा मुळा, दोन गाजरं, एक मक्याचं कणीस. मंद आचेवर तासभर. त्याहून जास्त उकळलंत तर मुळ्याचा उग्र वास येतो.

फो हवा असेल तर कांदा आणि आलं थेट आचेवर काळपट डाग पडेपर्यंत भाजा, मसाले कोरडे परता आणि पुरचुंडीत बांधून सोडा. चक्रीफुलं दोनच. तिसऱ्यानं रश्श्याला औषधाची चव येते. मीठ आणि सोया सॉस शेवटी.

ह्वेसाठी गवती चहाचे चार-पाच जाड बुंधे ठेचून टाका, सोबत अननसाची एक चकती. कुंडीतल्या गवती चहाची नुसती पातही चालेल, तिची गाठ मारून सोडा, पण चव बुंध्यात जास्त. वेगळ्या कढईत बुंध्याचा कोवळा भाग बारीक चिरून तेलात परता, आच बंद करून काश्मिरी तिखट घाला आणि हे तेल रश्श्यावर ओता. चाओ दोन चमचे, थोड्या रश्श्यात कालवून. नसेल तर मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली जपानी पेस्ट घाला. उग्रपणा कमी येईल, पण खारट खोली मिळेल.

दोन्हींतलं कष्टाचं काम म्हणाल तर फोच. त्यात झाकायला तिखट नसतं, रस्सा कच्चा राहिला तर लगेच कळतं. घरात तिखट न खाणारं कुणी असेल, किंवा आंबवलेल्याचा वास सोसत नसेल, तरच आधी फोकडे वळा. नूडल्स फोला चपट्या, ह्वेला गोल आणि जाड, दोन्ही तांदळाच्याच. त्या रश्श्यात शिजवू नका, स्टार्चनं तो गढूळ होतो. वेगळ्या उकडून, निथळून वाडग्यात घ्या, वर उकळता रस्सा, मग लिंबू, पुदिना, कोथिंबीर आणि मोड आलेले मूग.