इतवारीतील सुगंधी तेलांचे दुकान : अहवाल उत्तम, लेबले अतिउत्साही

नागपूरच्या इतवारीत जडीबुटीच्या दुकानांच्या सोबतीने सुगंधी तेलांचे एक लहानसे दुकान आहे. निर्गुडी, रोझमेरी, टी ट्री, दवणा अशा औषधी वनस्पतींची, ऊर्ध्वपातनाने (वाफेच्या साहाय्याने) काढलेली तेले तेथे दहा मिलिलिटरच्या बाटल्यांत मिळतात. अशी तेले शहरात इतरत्रही मिळतात; पण येथे बहुतेक तेलांच्या त्या-त्या बॅचचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलात कोणते घटक किती आहेत हे दाखवणाऱ्या चाचणीचा) अहवाल मागताच हाती ठेवला जातो, आणि एवढ्या एका कारणासाठीही हे दुकान मला इतरांपेक्षा सरस वाटते.

या अहवालाचे मोल रोझमेरीच्या उदाहरणावरून चांगले कळते. एकाच जातीच्या या झुडपाचे तेल कुठे सिनिओल या घटकाने प्रधान असते, कुठे त्यात कापूर अधिक असतो, तर कुठे व्हर्बेनोन हा घटक ठळकपणे आढळतो. कापराचे प्रमाण जास्त असलेले तेल अपस्माराच्या रुग्णांनी टाळावे लागते, त्यामुळे केवळ ‘शुद्ध रोझमेरी’ एवढे छापून ग्राहकाला आवश्यक ती माहिती मिळत नाही. मी घेतलेल्या बाटलीच्या अहवालात सिनिओल सर्वांत वर होते आणि बाटली उघडताच येणारा निलगिरीसारखा थंड, तीव्र वास त्याच्याशी जुळणारा होता.

निर्गुडीबाबत खरेदीपूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. आपल्या घरांत सांधेदुखीवर चोळले जाणारे निर्गुडीचे तेल बहुधा पानांचा रस तिळाच्या तेलात आटवून केलेले असते, तर येथे मिळते ते पानांतले बाष्पनशील (हवेत उडून जाणारे) तेल होय. शंभर किलो ओल्या पानांतून ते अर्धा किलोही निघत नाही, म्हणून ते महाग असणे रास्त आहे. त्यात बीटा-कॅरिओफायलीन आणि व्हिरिडिफ्लोरॉल ही संयुगे सामान्यतः आढळतात, आणि ते तीळ किंवा खोबरेल तेलात पुरेसे पातळ केल्याशिवाय त्वचेला लावू नये. दुकानदार तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकून, तो उडून गेल्यावर तेलकट डाग उरत नाही हे दाखवतात. स्थिर (उडून न जाणाऱ्या) तेलाची भेसळ या चाचणीत उघडी पडते. स्वस्त कृत्रिम सुगंधी द्रव्य मिसळलेले असेल तर मात्र ते येथे सुटून जाते आणि पुन्हा अहवालच पाहावा लागतो.

टी ट्रीच्या तेलाविषयी मला सर्वाधिक समाधान वाटले, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हे तेल सांभाळणे हीच मोठी परीक्षा आहे. त्याची जंतुनाशक शक्ती प्रामुख्याने टर्पिनेन-4-ऑल या घटकामुळे असते. तो जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतो आणि पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. परंतु हवा, प्रकाश आणि उष्णता यांमुळे याच तेलातील टर्पिनीन वर्गातील संयुगांचे ऑक्सिडीकरण होते, पॅरा-सायमीन हे संयुग वाढते आणि जुने तेल त्वचेवर ॲलर्जी उठवण्याची शक्यता बळावते. पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या शहरात पारदर्शक बाटल्या उन्हाच्या काचेमागे मांडणे म्हणजे ग्राहकाच्या हाती बिघडलेला माल देणे होय. येथे बाटल्या गडद तपकिरी काचेच्या, घट्ट झाकणाच्या आहेत आणि साठा बंद, थंड कपाटात राहतो. बाटलीवर ऊर्ध्वपातनाचा महिनाही लिहिलेला असतो. घरी आणल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी, हा सल्लाही न विचारता मिळाला.

माझी तक्रार लेबलांवरील दाव्यांविषयी आहे. रोझमेरीवर ‘केस गळणे थांबवते’ असे निःसंदिग्धपणे छापले आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 100 रुग्णांपैकी निम्म्यांना रोझमेरी तेल आणि निम्म्यांना 2 टक्के मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचे औषध देण्यात आले. तीन महिन्यांनी केसांच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली. निष्कर्ष आशादायक आहे, पण त्या चाचणीत औषधाविना ठेवलेला गट नव्हता, त्यामुळे एवढ्या आधारावर असे ठाम आश्वासन देता येत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे सिनिओलयुक्त तेलावर ‘लहान मुलांच्या सर्दीसाठी’ असे लिहिणे. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ असे तेल लावल्यास श्वासोच्छ्वासात अडथळा येऊ शकतो, म्हणून ही ओळ लेबलावरून तातडीने काढली पाहिजे. मी तसे स्पष्ट सांगितले. मालकांनी ते शांतपणे ऐकून घेतले, परंतु बदलाचे वचन दिले नाही.

निर्गुडी, रोझमेरी आणि टी ट्री ही तीन तेले मी येथून निश्चिंतपणे पुन्हा घेईन. दवण्याच्या तेलाचा दरवळ मोहक होता. त्याचा मुख्य सुगंधी घटक डाव्हानोन किती आहे हे सांगणारा कागद मात्र दुकानात नव्हता, म्हणून ती बाटली मी परत ठेवली.