वनप्लस ६ वर लिनिएज टाकलं, तेही लिनक्स मिंटवरून: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. फोन अनलॉक करून (स्क्रीनचं नव्हे, दुसरी सिस्टीम टाकू न देणारं कंपनीचं कुलूप उघडून) त्यात दुसरी सिस्टीम टाकायचं काम लिनक्सवरून विंडोजपेक्षा सोपं जातं, आणि हे मी लिनक्सचा भक्त आहे म्हणून नाही सांगत, भक्त असलो तरी. लोकांना कॉम्प्युटरसमोर बसून काळ्या खिडकीत कमांड टाकायची भीती वाटते, पण ते काम चहा उकळेपर्यंत उरकतं. आणि ज्याचा आधी कोणी विचारच करत नाही, म्हणजे बँकेचं ॲप, तिथे गाडी खरी अडते. तेव्हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा समजा, एक अवजाराचा, म्हणजे लिनक्सचा, आणि एक लिनिएजओएसचा, म्हणजे फोनमध्ये टाकलेल्या नव्या सिस्टीमचा.

फोन वनप्लस ६. हा मे २०१८ मध्ये आलेला, भारतातलं लाँच मुंबईतच झालं होतं १७ मे ला, ६ जीबी रॅमवाला ३४,९९९ ला होता. स्नॅपड्रॅगन ८४५, म्हणजे त्यावेळचा सगळ्यात वरचा चिपसेट. अँड्रॉइड ८.१ घेऊन आला, कंपनीने ११ पर्यंत अपडेट दिले आणि मग पूर्णविराम. आता गंमत अशी की हार्डवेअर अजून ठणठणीत आहे, ३.५ चा हेडफोन जॅक आहे, ॲमोलेड स्क्रीन आहे, फक्त सिक्युरिटी पॅच बंद. असला फोन ड्रॉवरमध्ये पडून राहणं म्हणजे पाप. लिनिएजओएस हा सायनोजेनमॉड नावाच्या जुन्या अँड्रॉइड-आवृत्तीचा वारसदार, २०१६ च्या डिसेंबरमध्ये सायनोजेन कंपनीने गाशा गुंडाळल्यावर त्याच लोकांनी लिनिएज नावाने पुढे चालू ठेवलं, आणि त्यांचं २२ व्हर्जन म्हणजे अँड्रॉइड १५ या फोनला अधिकृतपणे मिळालं. कंपनीने ११ वर सोडलेल्या फोनवर १५, फुकटात.

आता लिनक्सकडे. मिंट किंवा उबुंटूवर (लिनक्सचे हे वेगवेगळे अवतार, त्यांना डिस्ट्रो म्हणतात) टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, उघडायचं, सुडो ॲप्ट इन्स्टॉल एडीबी फास्टबूट, एंटर. झालं. ही लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायची दोन अवजारं, एडीबी चालू फोनसाठी आणि फास्टबूट सिस्टीम सुरू व्हायच्या आधीच्या मोडसाठी. फेडोरावाल्यांना अँड्रॉइड-टूल्स नावाचं पॅकेज. ड्रायव्हर ही भानगडच नाही, कारण एडीबी आणि फास्टबूट हे दोघंही यूएसबीवरून फोनशी थेट बोलतात, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, समोर कुठल्या कंपनीचा फोन आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. विंडोजवर हाच फोन फास्टबूटमध्ये गेला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, मग ड्रायव्हर शोधा, मग तो साइन केलेला नाही म्हणून विंडोज नाक मुरडणार, मग कुठल्यातरी साइटवरून झिप उतरवा ज्यात ड्रायव्हरसोबत आणखी काय काय येईल देवाला माहीत. लिनक्सवर हा सगळा त्रास टळला.

लिनक्सवर फक्त एकच गोष्ट अडवते आणि ती म्हणजे परमिशन. एडीबी डिव्हाइसेस टाकलं की सिरियल नंबरच्या पुढे "नो परमिशन्स" असं येतं आणि नवीन माणूस तिथेच घाबरतो. त्याचा अर्थ एवढाच की साध्या यूजरला त्या यूएसबी डिव्हाइसला हात लावायची मुभा नाही. उबुंटू-मिंटवर अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन या पॅकेजमध्ये यूडेव्हचे नियम (कुठलं डिव्हाइस कुणी वापरायचं ते ठरवणारे) तयार येतात, ते टाकायचं, आपला यूजर प्लगडेव्ह ग्रुपमध्ये आहे का बघायचं, लॉगआउट करून परत यायचं, केबल काढून घालायची. कंटाळा असेल तर सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने चालवा, चालतं. "अनऑथोराइज्ड" आलं तर ते मात्र लिनक्सचं नाही, फोनची स्क्रीन बघा, तिथे परवानगीचा डबा उघडलेला असतो आणि आपण लॅपटॉपकडे बघत बसलेले असतो.

एक सल्ला देतो. डिस्ट्रोच्या रिपॉझिटरीतला फास्टबूट बऱ्याचदा जुना असतो, उबुंटूची जुनी एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती) असेल तर फारच जुना, आणि नवीन फोनच्या काही कमांड त्याला कळतच नाहीत. मग गूगलची प्लॅटफॉर्म-टूल्सची झिप उतरवायची, होम फोल्डरमध्ये सोडायची आणि तिथूनच चालवायची, यूडेव्हचे नियम तेवढे डिस्ट्रोचे राहू द्या. वनप्लस ६ ला मिंटमधला फास्टबूट चालून गेला.

केबलबद्दल बोललंच पाहिजे. फोन फास्टबूटमध्ये, कमांड टाकली, आणि टर्मिनल म्हणतंय "वेटिंग फॉर एनी डिव्हाइस", आणि आपण एसटी स्टँडवर बसल्यासारखे बसून आहोत. इथे लिनक्स खरा कामाला येतो, कारण अंदाज मारायची गरज पडत नाही. एलएसयूएसबी टाका, यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येते. १८डी१ ने सुरू होणारा आयडी दिसला, म्हणजे गूगलचा, तर फोन पोहोचलाय आणि भांडण परमिशनचं आहे. यादीत काहीच नवीन आलं नाही तर केबल फक्त चार्जिंगची आहे किंवा पोर्ट गंडलाय. माझी घरातली एक जाड, दणकट दिसणारी केबल अशीच निघाली, आत डेटाच्या तारा नाहीतच, नुसती चार्ज करायची. दुसरी लावली, लगेच आला. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टवर फास्टबूट अडखळत असेल तर यूएसबी २ वर लावून बघा, किंवा मधे एक साधा हब टाका, हा जुना उपाय आजही चालतो.

अनलॉक करायच्या आधी बॅकअप, कारण अनलॉक झाला की फोन पूर्ण पुसला जातो, हे सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलंय, टाळता येत नाही. फाइल मॅनेजरमधून एमटीपीने फोटो ओढत बसू नका, हजारो फोटोंचा फोल्डर असला की ते मधेच झोपतं. एडीबी पुल आणि पुढे डीसीआयएमचा (कॅमेऱ्याच्या फोटोंच्या फोल्डरचा) पत्ता, बस, टक्केवारी दाखवत सगळं उतरतं. व्हॉट्सॲपचा लोकल बॅकअप आता अँड्रॉइड फोल्डरमधल्या मीडियात असतो, तो विसरू नका, नाहीतर घरच्या ग्रुपमधल्या सगळ्या आजी-आजोबांचे फोटो गेले म्हणून बोलणी बसतील.

मग प्रत्यक्ष अनलॉक. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, तिथे ओईएम अनलॉकिंग आणि यूएसबी डिबगिंग चालू. फोन बंद, व्हॉल्यूम अप आणि पॉवर दाबून फास्टबूटमध्ये, आणि टर्मिनलमध्ये फास्टबूट ओईएम अनलॉक. फोनवर इशारा येतो, व्हॉल्यूमच्या बटणांनी हो वर जायचं, पॉवर दाबायचं. कोड मागायला नको, कुणाला मेल नको, वाट बघायला नको. हा फोन मी यासाठीच निवडला खरं तर. शाओमीचा फोन असेल तर अकाउंट जोडा, काही दिवस थांबा, आणि त्यांचं अधिकृत अनलॉक टूल फक्त विंडोजवर चालतं, म्हणजे तिथे लिनक्सवाल्याला कुणाचा तरी लॅपटॉप मागावा लागतो. सॅमसंगची तऱ्हा आणखी वेगळी, तिथे फास्टबूट नाहीच, ओडिन नावाचं टूल लागतं, तेही विंडोजवालं, लिनक्सवर हाइमडाल आहे पण ते जुन्या मॉडेलांनाच नीट साथ देतं. तेव्हा "लिनक्सवरून सोपं आहे का" या प्रश्नाचं निम्मं उत्तर फोन कुठला आहे यात असतं. पिक्सेल आणि जुने वनप्लस, डोळे झाकून हो.

अनलॉकनंतर दर वेळी फोन चालू करताना बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक आहे म्हणून इशारा येतो. येऊ दे.

लिनिएज टाकताना दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात म्हणून जरा सविस्तर. वनप्लस ६ ला ए आणि बी असे दोन स्लॉट, म्हणजे सिस्टीम ठेवायच्या दोन जागा आहेत, आणि रिकव्हरीचं (सिस्टीम टाकायला-पुसायला असलेल्या छोट्या मेनूचं) वेगळं पार्टिशन नाही, रिकव्हरी बूट इमेजच्या आतच असते. म्हणून लिनिएजची बूट इमेज फ्लॅश करायची की त्यातूनच रिकव्हरी मिळते. मग कॉपी-पार्टिशन्स नावाची छोटी झिप आधी साइडलोड करायची, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने पाठवून बसवायची, त्याने दोन्ही स्लॉटमधलं फर्मवेअर सारखं होतं, ही पायरी गाळली तर एका स्लॉटमध्ये जुनं, एकात नवीन असा गोंधळ होऊन फोन उठत नाही अशी शक्यता असते. मग फॅक्टरी रीसेट, मग मुख्य झिप एडीबी साइडलोडने. टर्मिनलवर आकडा चढत जातो, चाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, आणि ४७ टक्क्यांवर थांबतो. पुढे जातच नाही. केबल ओढू नका! ४७ वर थांबणं हे यशस्वी झाल्याचंच लक्षण आहे, कधीकधी तर खाली "फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस" असं अफलातून वाक्य येतं, म्हणजे फेल पण आणि सक्सेस पण. खरी परिस्थिती फोनच्या स्क्रीनवर वाचायची. दुसरी जागा म्हणजे गूगलची ॲप्स. हवी असतील तर पहिल्यांदा फोन सुरू व्हायच्या आधीच टाकावी लागतात, आणि त्याआधी रिकव्हरीतून परत रिकव्हरीतच रीबूट करायचं, म्हणजे नव्या स्लॉटमध्ये जाऊन ती बसतात. माइंड द गॅप्स (या गूगल ॲप्सचं पॅकेज) टाकताना सही जुळत नाही असं रिकव्हरी म्हणेल, तिथे हो म्हणायचं. पण डाउनलोड केलेल्या झिपचा शा-२५६ (फाइलच्या बोटांच्या ठशासारखा आकडा) आधी टर्मिनलमध्ये काढून साइटवरच्याशी ताडून बघा, लिनक्सवर ती एका ओळीची कमांड आहे, आळस नको.

वापरायला कसं आहे? मोकळं. उघडल्यावर जेमतेम एक पानभर ॲप्स, जाहिरात नाही, गेमचं दुकान नाही, "तुमच्यासाठी खास" नाही. बाजूचा अलर्ट स्लायडर चालतो, जिओचं सिम टाकलं तर व्होल्टीई, म्हणजे फोरजीवरून कॉल, तेसुद्धा लागलं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, व्होल्टीई नसेल तर फोनवरून साधा कॉल लागत नाही, त्यामुळे कुठलीही रॉम (लिनिएजसारखी बाहेरची सिस्टीम) टाकायच्या आधी आपल्याकडच्या माणसाने पहिली ही गोष्ट तपासावी. पूर्ण सिस्टीम मराठीत करता येते. अपडेट सेटिंगमधूनच येतात, फोन वापरता वापरता मागच्या मागे दुसऱ्या स्लॉटमध्ये बसतात, गूगलची ॲप्सही जागेवर राहतात, लॅपटॉप परत जोडायला लागत नाही. बॅटरी ३३०० ची आणि तीही म्हातारी, तिथे सॉफ्टवेअर काय करणार. कॅमेऱ्यात मात्र तडजोड आहे, कंपनीच्या ॲपमधलं फोटोवरचं प्रोसेसिंग इथे येत नाही, दिवसा उजेडात चालतं, रात्री लग्नाच्या मांडवात फोटो काढायचे असतील तर दुसरा फोन न्या.

आता बँक. प्ले इंटिग्रिटी नावाची गूगलची तपासणी आहे, ॲप विचारतं की हा फोन विश्वासाचा आहे का, बूटलोडर अनलॉक असेल तर वरच्या पायऱ्यांचं उत्तर नाही असं जातं. कुठलं ॲप किती कडक, ते ज्याचं त्याच्यावर. माझं एका बँकेचं ॲप उघडल्या उघडल्या "डिव्हाइस असुरक्षित" म्हणून बंद होतं, दुसरं निवांत चालतं, यूपीआयचं एक ॲप चाललं आणि एका अपडेटनंतर रुसलं. आणि चिडायला होतं ते याचं, की २०२१ पासून एकही सिक्युरिटी पॅच न मिळालेला बंद बूटलोडरचा फोन या ॲप्सना चालतो आणि या महिन्याचा पॅच असलेला माझा फोन चालत नाही. मॅजिस्क नावाचं रूट करायचं साधन टाकून, मॉड्यूल लावून ही तपासणी चुकवणारे लोक आहेत, पण तो उंदीरमांजराचा खेळ, २०२५ मध्ये गूगलने तपासणी आणखी कडक केली, आणि पगाराच्या खात्यासाठी मी तो खेळ खेळणार नाही. रूट, म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा, लिनिएजसोबत येतही नाही आणि मला त्याची गरजही पडली नाही. बऱ्याच फोनवर अनलॉक केल्यावर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची सोय) एल१ वरून एल३ वर येतं, म्हणजे ओटीटीवर एचडी गेलं, तेही धरून चाला.

लिनक्सची एक उणी बाजू सांगतो. फोन पार मेला, काळी स्क्रीन, आणि एलएसयूएसबीमध्ये ०५सी६:९००८ एवढंच दिसतंय, म्हणजे क्वालकॉमचा इमर्जन्सी मोड, तर वनप्लसला जिवंत करायचं एमएसएम टूल विंडोजवरच चालतं. लिनक्सवर ईडीएल नावाचं पायथनमधलं साधन आहे, पण ते पहिल्यांदा फ्लॅश करणाऱ्याच्या हातात द्यायची वस्तू नाही. आणि व्हर्च्युअल मशिनमध्ये विंडोज टाकून जुगाड करू म्हणाल तर फोन मोड बदलला की यूएसबीचा आयडीही बदलतो आणि मशीन त्याला सोडून देतं, ऐन मधेच.

लॅपटॉपवर लिनक्स नसेल तर पेनड्राइव्हवर मिंट टाकून लाइव्ह चालवा, नेट जोडा, तिथेच दोन पॅकेज टाका, विंडोजला धक्का लागत नाही, फक्त झिप फायली दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. आणि ज्यांना फक्त फोनमधली नको ती ॲप्स काढायची आहेत त्यांनी अनलॉकच्या फंदात पडू नका. एडीबी शेलमधून पीएम अनइन्स्टॉल, यूजर शून्य, आणि पॅकेजचं नाव, एवढ्याने काम होतं, डेटा जात नाही, बँकेचं ॲपही रुसत नाही. कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे "सॉफ्टवेअर मारून द्या" म्हणून पैसे देण्यापेक्षा हे बरं.

मार्क द्यायचे तर लिनक्सला अवजार म्हणून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ९००८ साठी कापला. लिनिएजला दुसरा फोन म्हणून पाच, एकुलता एक फोन म्हणून तीन. आणि विकायच्या वेळी परत लॉक करायचा असेल तर आधी कंपनीची मूळ सिस्टीम पूर्ण टाका, मगच लॉकची कमांड द्या, लिनिएज आत असताना लॉक केलात तर फोन चालूच होणार नाही.