आयर्लंडमधला खोदकामाचा कोर्स: पैसे वसूल, पण कोणाचे?

आपल्या जळगाव-धुळ्याकडून आर्किऑलॉजीला जाणारी पोरं मुळात कमी, त्यात बाहेरच्या देशात डिगला जाऊन आलेलं कोणी विचारायला सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी गेलो होतो वेक्सफर्ड शहराजवळच्या फेरीकॅरिगला. स्लेनी नदीच्या काठावर उंचवटा आहे, ११६९ मध्ये नॉर्मन लोक (मूळचे फ्रान्सचे, तेव्हा इंग्लंडवर राज्य करणारे) वेल्समधून आयर्लंडात उतरले तेव्हा त्यांच्यातल्या रॉबर्ट फिट्झस्टीफनने तिथं किल्ला केला. आता किल्ला म्हटलं की आपल्याला लळिंग नाहीतर पारोळा आठवतो, इथं पहिला किल्ला म्हणजे मातीचा बांध, खंदक आणि लाकडी कुंपण, रिंगवर्क म्हणतात त्याला. दगडी बांधकाम नंतरचं. त्यामुळे मोठमोठ्या भिंती बघायच्या आशेने जाऊ नका, लाकूड कधीच कुजून गेलंय आणि राहिलेत ते मातीतले डाग.

आणि खरं शिक्षण त्या डागांतच आहे भाऊ. ट्रॉवेल म्हणजे गवंड्याची छोटी करणी, ती घेऊन गुडघ्यावर बसून माती खरवडत मागे सरकायचं, मध्येच तपकिरी मातीत एक काळसर गोल दिसतो, वही एवढा, आणि सुपरवायझर बाई लगेच थांबवतात. मग अर्धाच गोल खणायचा, अर्धा तसाच ठेवायचा, म्हणजे कापलेल्या बाजूला दिसतं की खांब होता का उंदराचं बीळ. माझ्या गोलात खाली दगड आडवेतिडवे ठोकलेले निघाले, खांब हलू नये म्हणून कोणीतरी बसवलेले. कोणी हात लावलेला नव्हता इतकी शतकं. त्या दिवशी जेवायला उठावंसं वाटेना.

पण खणण्यापेक्षा लिहिणं जास्त हे आधीच सांगतो. प्रत्येक थराला, प्रत्येक खड्ड्याला वेगळा नंबर, वेगळा फॉर्म, मातीचा रंग, घट्ट की भुसभुशीत, कशाच्या वर आहे, कशाने कापलाय, मग सेक्शनचं म्हणजे कापलेल्या उभ्या बाजूचं ड्रॉइंग १:१० वर, प्लॅन म्हणजे वरून दिसणारा नकाशा १:२० वर, आणि शेवटी सगळे नंबर हॅरिस मॅट्रिक्स नावाच्या तक्त्यात बसवायचे, कोण आधीचं कोण नंतरचं. सोबतची काही पोरं याला कंटाळली, नाणी-तलवारी सापडतील असं वाटलेलं त्यांना. मला विचाराल तर अख्ख्या फीमधला सगळ्यात भारी भाग हाच. खापर एकदा जागेवरून उचललं की ते परत त्या थरात ठेवता येत नाही, कागदावर नसेल तर गेलंच.

आपल्याकडच्या पद्धतीपेक्षा वेगळं काय, तर आपण मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाच्या पद्धतीने चौकोनी खड्डे घेतो आणि मध्ये मातीच्या भिंती सोडतो. १९५४-५५ मध्ये तापीकाठी प्रकाशेला बी. के. थापर यांनी खणलं ते व्हीलरकडेच तयार झालेले. फेरीकॅरिगला भिंती न सोडता मोठा भाग एकदम उघडतात, त्यामुळे आख्ख्या घराचा आकार एका नजरेत येतो. दोन्ही यायला पाहिजे असं माझं मत.

अजून एक गोष्ट सारखी डोक्यात यायची. नॉर्मन लोक तिथं मातीचे बांध घालत होते त्याच्या आसपासच आपल्या चाळीसगावजवळ पाटणला शिकवणं चालू होतं, तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा मठ नोंदवलाय, आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेला. तिथल्या आयरिश पोरांना हे सांगितलं तर त्यांनी शिलालेखाचा फोटो मागून घेतला. आणि आपल्याकडचे पाटणादेवीला जाऊन दर्शन घेऊन परत येतात, शिलालेख विचारत पण नाहीत, याचं वाईट वाटतं.

आता पैशाचं. फी युरोत, तिकीट वेगळं, स्वस्त अजिबात नाही. नुसतं फिरायला आणि फोटोला जायचं असेल तर नका जाऊ. ज्याला याच लाइनमध्ये राहायचंय आणि एमए चालू आहे त्याने आधी पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या एखाद्या उत्खननात ऊन खावं, मग जावं, तरच तिथं प्रश्न विचारता येतात. कोऱ्या पाटीने गेलात तर पहिला आठवडा शब्द कळण्यातच जातो.

व्हिसाचं नीट बघा. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, वेगळा व्हिसा लागतो, आमच्याकडच्या एका एजंटने शेंगेनचीच फाइल बनवायला घेतली होती, वेळेवर लक्षात आलं म्हणून वाचलो. पाऊस भर उन्हाळ्यात पण येतो, मोठा नसतो पण चिवट, आणि काम थांबत नाही, त्यामुळे चांगला रेनकोट आणि वॉटरप्रूफ बूट इथूनच घ्या. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो.

शाकाहारी असाल तर दुपारी चीज सँडविचवर दिवस काढावे लागतात. तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे, आईला आधीच सांगून ठेवा नाहीतर ती डबा भरणारच. बिबड्या आणि शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर न्या, माझी चटणी ट्रेंचमधल्या (खणायच्या खड्ड्यातल्या) सगळ्यांनी मिळून संपवली.