मराठी वाचकाच्या दृष्टीने किंडल पेपरव्हाइट

किंडल पेपरव्हाइटची 2024 सालची आवृत्ती, म्हणजे सात इंची पडद्याचे आणि सुमारे 211 ग्रॅम वजनाचे वाचनयंत्र, मी मुख्यतः मराठी पुस्तकांसाठी वापरतो, आणि हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे. अमेझॉनने डिसेंबर 2016 मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके किंडलवर आणली. एवढी वर्षे लोटूनही पुस्तकांना जीव लावणारे बहुतेक मराठी वाचक छापील प्रतीलाच पसंती का देतात, याचे उत्तर मला हे यंत्र सातत्याने वापरताना अधिक स्पष्टपणे मिळाले.

पडद्याबद्दल तक्रारीला जागा नाही. ई-शाईच्या या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत परस्परविरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण असतात, आणि विजेच्या इशाऱ्यानुसार त्यांतले हवे ते कण वर येऊन अक्षर उमटते. उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरी कित्येक आठवडे पुरते, आणि भर उन्हात गच्चीवर बसूनही मजकूर स्वच्छ दिसतो. एका इंचात 300 ठिपके असल्यामुळे ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ङ्क’ यांसारख्या जोडाक्षरांच्या रेषा फुटत नाहीत. छापील पुस्तकाची बाजू घेताना यंत्रावर वाचल्याने डोळे शिणतात असे सरसकट सांगितले जाते. ते मोबाइलच्या बाबतीत खरे असेल, पण या पडद्यावर तो आरोप करणे अन्यायाचे होईल. बारीक टाइप वाचणे जड जाऊ लागलेल्या ज्येष्ठ वाचकाला अक्षर हवे तेवढे मोठे करता येणे, हा तर मोठाच दिलासा आहे. नव्या कोऱ्या कागदाच्या वासाचा मुद्दाही मी बाजूला ठेवतो. तो आनंद खरा असला, तरी केवळ त्यासाठी कोणी आयुष्यभर पुस्तके विकत घेत नाही.

अडचण सुरू होते ती अक्षर मोठे केल्यावर. देवनागरीत मात्रा, रफार आणि अनुस्वार वर येतात, उकार आणि ऋकार खाली जातात, म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे लागते आणि सात इंचांच्या पडद्यावर मजकूर थोडाच मावतो. गद्याला ते चालून जाते. पण ओवी किंवा अभंग यंत्रावर उघडला की ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोडते, चरणाचा अर्धा भाग पुढच्या ओळीत जातो, आणि कानाला जिथे थांबा अपेक्षित असतो तिथे डोळा थांबत नाही. सार्थ ज्ञानेश्वरीच्या छापील प्रतीत ओवी आणि तिचा अर्थ एकाच नजरेत येतात. यंत्रावर ओवी एका पडद्यावर राहते आणि अर्थ पुढच्या पडद्यावर जातो. छापील पानावर कोणती ओळ कुठे संपावी हे जुळारी, मुद्रितशोधक आणि प्रकाशक विचारपूर्वक ठरवत आले आहेत, आणि कवितेच्या बाबतीत तो निर्णय मजकुराचाच भाग असतो. वाचकाच्या सोयीसाठी यंत्र तो निर्णय पुसून टाकते, हे मला फार खटकते.

दुसरी उणीव मागे-पुढे जाण्याची. पाचशे पानांच्या चरित्रात एखाद्या व्यक्तीचा उल्लेख पूर्वी कुठे आला होता, हे छापील प्रतीत बोटांना ठाऊक असते: डाव्या पानावर, खालच्या बाजूला, साधारण पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात. यंत्रात सगळी पाने सारखीच जाड, आणि तळाशी दिसणारा टक्क्यांचा आकडा त्या जाडीची जागा घेऊ शकत नाही. ही केवळ सवयीची बाब नसावी. नॉर्वेच्या स्टाव्हांगर विद्यापीठातील आन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 50 वाचकांना 28 पानांची एक रहस्यकथा वाचायला दिली, काहींना छापील आणि काहींना किंडलवर. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आकलनाच्या बहुतेक कसोट्यांत दोन्ही गट सारखे ठरले, परंतु कथेतील घटनांचा कालक्रम लावण्यात कागदावर वाचणारे सरस निघाले. त्याआधी, 2018 मध्ये, 54 अभ्यासांचा आणि 1,70,000 हून अधिक सहभागी व्यक्तींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तर हा फरक वाढतो, असे त्यात दिसले. निव्वळ कथात्मक वाचनात मात्र तसा फरक आढळला नाही. माझा अनुभवही याच्याशी जुळतो. हलकीफुलकी कादंबरी मी किंडलवर समाधानाने वाचतो; इतिहास, समीक्षा आणि वैचारिक लेखन यांसाठी मला कागदच लागतो.

सर्वांत मोठे कारण मात्र वाचून झाल्यानंतरचे आहे. किंडलच्या अटींनुसार वाचकाला पुस्तक विकले जात नाही, ते वापरण्याचा परवाना दिला जातो. जुलै 2009 मध्ये अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती, त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते या कारणाने, ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच काढून टाकल्या. पैसे परत मिळाले आणि पुढे कंपनीने माफीही मागितली. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही खरेदीची रक्कम परत मिळाली आणि पुस्तके गेली. फेब्रुवारी 2025 पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घेण्याची सोयही बंद झाली. आपल्याकडे पुस्तक घरात आले की ते मावशीकडे जाते, शेजारी मागून नेतात, लग्नामुंजीत आहेर म्हणून दिले जाते, गावच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सर्वांत लहान, वाचनालयाला भेट मिळते, आणि अखेर फोर्टच्या पदपथावरून एखाद्या अनोळखी विद्यार्थ्याच्या हाती पडते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि मुंबईचे 1898 पासून उभे आहे, ते पुस्तक असे हस्तांतरित होऊ शकते म्हणूनच. मराठीसारख्या भाषेत, जिथे आवृत्ती संपली की पुस्तक वर्षानुवर्षे मिळत नाही, तिथे ही देवघेवच पुस्तकाला जिवंत ठेवते. परवान्यावर घेतलेल्या प्रतीला हे आयुष्य नाही.

असे असूनही परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकाला मी हे यंत्र घ्या असेच सांगेन, कारण टपालखर्चात पुस्तकाच्या किमतीहून अधिक पैसे जाण्यापेक्षा हे बरे. कोशांच्या बाबतीत तर इलेक्ट्रॉनिक रूपाला तोड नाही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्षणात शोधता येतात आणि जाड खंड उचलावे लागत नाहीत.

भारतात हे यंत्र 2025 मध्ये 16,999 रुपयांना विक्रीस आले. तेवढ्या रकमेत छापील पुस्तकांचे एक कपाट भरू लागते, म्हणून महिन्याला एखादेच पुस्तक वाचणाऱ्याने ते घेऊ नये. घेतलेच, तर प्रत्येक मराठी ई-पुस्तकाची नमुना-पाने आधी विनामूल्य उतरवून पाहावीत: जोडाक्षरे सुटी पडली आहेत का, परिच्छेद तुटले आहेत का, तळटिपांवरून मूळ मजकुराकडे परतता येते का. काही प्रकाशकांनी हे काम फार निष्काळजीपणे केले आहे, आणि अशा पुस्तकाची छापील प्रत दुकानातून मागवणेच इष्ट.