तुर्भ्याच्या आयकियातून विद्यार्थ्याची खोली: टेबल तिथलं घ्या, पलंग बाहेरून

नेरूळ, खारघर, ऐरोली, कुठेही कॉलेजसाठी खोली घेतली की करार बहुतेक 11 महिन्यांचा. तो संपला की भाडं वाढतं, रूममेट बदलतात आणि बिऱ्हाड पुन्हा टेम्पोत चढतं. त्यामुळे कमी पैशांत सामान घेताना नुसता भाव बघून भागत नाही. ती वस्तू जिना उतरवून दुसऱ्या खोलीत पुन्हा उभी केली तर टिकेल का, हे आधी बघायचं. डिसेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या तुर्भ्याच्या आयकिया या फर्निचरच्या दुकानात या कसोटीला उतरणाऱ्या वस्तू आहेत, आणि न उतरणाऱ्याही आहेत.

सगळ्यात चांगली खरेदी अभ्यासाच्या टेबलाची. लिनमॉन नावाची 100 बाय 60 सेंमी फळी आणि ॲडिल्स नावाचे चार सुटे लोखंडी पाय. आर्किटेक्चरवाल्यांची ए1 शीट (84.1 बाय 59.4 सेंमी) तिच्यावर जेमतेम बसते. फळी एकट्याला उचलता येते, कारण आतला गाभा कागदी जाळीचा आहे आणि भरीव भाग फक्त कडांना नि कोपऱ्यांत. हे लक्षात ठेवलं की टेबल वर्षानुवर्षं चालतं. विसरलं की पहिल्याच वर्षी डुगडुगायला लागतं.

जोडताना फळी गादीवर किंवा सतरंजीवर पालथी घाला. प्रत्येक पायाच्या पत्र्याला पाच स्क्रू येतात. पाचही आधी अर्धे बसवा, मग आलटून पालटून आवळा, आणि हे साध्या स्क्रू ड्रायव्हरनेच करा. ड्रिल मशीनने एक फेरा जास्त झाला तरी भोकातला भुसा सुटतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. तसं झालंच तर भोकात फेविकॉल आणि गुल उडवलेल्या आगपेटीच्या एक-दोन काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू लावा. टेबल सरकवताना कधीही ओढायचं नाही, दोघांनी उचलायचं. ओढलं की सगळा जोर पत्र्यावर येतो आणि कोपऱ्यातली भोकं सैल होतात. कडेला चिमट्याचा लॅम्प किंवा मॉनिटरचा हात आवळायचा असेल तर वर-खाली प्लायचा तुकडा ठेवा, नाहीतर फळी दबते. खोली बदलताना टेम्पो सांगितलाच असेल तर पाय काढूच नका. टेबल गादीवर उलटं घालून न्या. एक खोलणं वाचलं म्हणजे भोकांचं आयुष्य वाढलं.

लॅक हे 55 सेंमीचं चौकोनी छोटं टेबल स्वस्त आहे, पण तेही आतून पोकळ आणि 25 किलोपर्यंतच. उशाशी पुस्तकं ठेवायला उत्तम. त्यावर उभं राहून पंखा पुसू नका.

पलंग मात्र तिथला घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथला सिंगल पलंग 90 बाय 200 सेंमी मापाचा. आपल्याकडची नेहमीची सिंगल गादी 72 बाय 36 इंच, म्हणजे साधारण 183 बाय 91 सेंमी. ती रुंदीला अडकते आणि पायथ्याशी 17 सेंमी जागा उघडी राहते. म्हणजे गादीही त्याच मापाची शोधायची. शिवाय पलंगाच्या किमतीत गादी धरलेली नसते आणि खालच्या पट्ट्यांचा सांगाडाही वेगळा घ्यावा लागू शकतो, तेव्हा लेबल नीट वाचा. घेतलाच असेल तर फोमवाल्याकडून 78 बाय 35 इंचांची गादी कापून घ्या.

त्यापेक्षा स्थानिक फर्निचरवाल्याचा प्लाय टाकलेला फोल्डिंग लोखंडी पलंग बरा. दुकानातच त्यावर मधोमध बसून बघा. बिजागरीपाशी करकर झाली किंवा मधले पाय जमिनीला टेकले नाहीत तर दुसरा मागा. वेल्डिंगच्या टाक्यांवर हात फिरवा. जिथे रंग उडालेला असेल तिथूनच पावसाळ्यात गंज धरतो. तिथे रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट लावून टाका. गादीला 32 डेन्सिटीचा 4 इंच फोम पुरतो. कापसाची गादी अंगाला छान, पण तिला ऊन लागतं आणि जुलैत ते आणायचं कुठून? फोमची गादीही आठवड्यातून एकदा भिंतीला उभी करा, नाहीतर प्लायच्या बाजूने बुरशी येते.

ड्रॉवरचं उंच कपाट भाड्याच्या खोलीत टाळाच. ते भिंतीला स्क्रूने बांधायचं असतं आणि घरमालक भोक पाडू देत नाहीत. न बांधलेल्या कपाटाचे भरलेले ड्रॉवर एकदम उघडले तर ते अंगावर येऊ शकतं. कपड्यांसाठी पलंगाखालचे झाकणाचे डबे पुरेसे होतात.

दिवा जरूर घ्या, पण बल्बही तिथूनच घ्या. त्या दिव्यांना आट्यांचा बल्ब लागतो; कोपऱ्यावरच्या दुकानातला पिनांचा बल्ब त्यात बसत नाही. निळी फ्राक्टा पिशवी दोन-तीन घ्या. पांघरुणं, कपडे, भांडी सगळं तिच्यातून हलतं. भांडी मात्र ठाण्याच्या जांभळी नाक्याला किंवा वाशीच्या बाजारात घ्या, स्टील तिथेच घ्यावं.

खाली सवलतीच्या कोपऱ्यात मांडून ठेवलेल्या वस्तू कमी भावात मिळतात. तिथे खुर्ची किंवा स्टूल घ्यायला हरकत नाही. पार्टिकल बोर्डाची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची वस्तू असेल तर कोपरे फुगलेत का आणि स्क्रू घट्ट आहेत का, ते बघूनच घ्या.

ठाणे आणि पनवेल, दोन्हीकडून तुर्भ्याला थेट लोकल आहे. पाय, दिवा, पिशव्या दुपारच्या गाडीने आरामात येतात. फळी न्यायची तर गर्दीची वेळ टाळून मालडब्यातून न्या. सामान जास्त असेल तर दोन-तीन खोल्यांनी मिळून एकच छोटा हत्ती करा आणि भाडं ठरवतानाच हमाली धरली आहे का आणि माल कितव्या मजल्यापर्यंत चढवणार, ते विचारून घ्या.