रेडिओग्राम घरात आणून दहा महिने झाले: आतलं काढून टाकू नका

गेल्या दिवाळीनंतर पुण्यातल्या एका वाड्याचं सामान निघालं, त्यात हा रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत असलेलं यंत्र, होता. अस्सल सागवानी, चार फूट लांब. डावीकडे रेडिओ, उजवीकडे वर उचलायचं झाकण, त्याखाली गॅरार्ड कंपनीचा रेकॉर्ड चेंजर (रेकॉर्डची चळत एकामागून एक आपोआप लावणारं यंत्र) आणि तळाशी रेकॉर्ड उभ्या ठेवायचा खण. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडून १४ हजारांना घेतला. "सगळं चालू आहे," असं तो म्हणाला होता. त्याच्याकडे प्रत्यक्ष लावून बघायला प्लग नव्हता, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

त्याच दुकानात आणखी दोन रेडिओग्राम होते, दोन्ही पोकळ. आतली यंत्रं काढून एकाचा टीव्हीचा स्टँड केला होता, दुसऱ्यात बाटल्या ठेवायचे कप्पे. मी हे सगळं लिहायला बसले ते मुख्यतः त्या दोघांमुळे. रेडिओग्राम दुरुस्त होतो. वेळ लागतो, पण होतो.

पहिला मेकॅनिक आला, मागचा पुठ्ठा उघडून पाहिला आणि म्हणाला, "ताई, व्हॉल्व्ह काढून ब्लूटूथचं किट बसवतो, दोन तासांत वाजेल." त्याला चहा देऊन परत पाठवला. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओतल्या, तापणाऱ्या काचेच्या नळ्या. दुसरे भेटले ते सत्तरी ओलांडलेले काका. त्यांनी सेट थेट भिंतीच्या प्लगला लावलाच नाही. आधी सिरीजमध्ये १०० वॉटचा दिवा जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. आमचा दिवा चांगलाच पेटला. मग जुने कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे भाग), पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर आणि कापडी वेष्टणाची वायर एवढं सगळं बदललं. व्हॉल्व्ह मात्र एक सोडून सगळे मूळचेच चांगले निघाले. लोक व्हॉल्व्हला घाबरतात, पण आधी मरतात ते कंडेन्सर. मागे व्होल्टेजची चकती २२० वर होती, ती काकांनी २४० वर केली, कारण आमच्याकडे रात्री वीज २४० च्या वर जाते. खर्च ११ हजार, वेळ सात आठवडे. एक गोष्ट मनापासून सांगते: आत २५० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये काही वेळ राहतं. स्वतः हात घालू नका.

रेकॉर्ड लावायला लागलो तेव्हा आवाजाखाली सतत घरघर यायची. मोटार गेली असं वाटलं. काकांनी चेंजरच्या प्लेटवरचे दोन स्क्रू सैल केले आणि घरघर थांबली. चेंजर स्प्रिंगांवर तरंगायला हवा. वाहतुकीत हलू नये म्हणून तो स्क्रूंनी आवळतात, आणि कोणीतरी तो आवळलेलाच ठेवला होता. स्पीकर आणि तबकडी एकाच पेटीत असल्यामुळे या स्प्रिंगा फार महत्त्वाच्या. तरीही आवाज पाऊणपटीच्या वर नेला की पेटी घुमू लागते. आमच्या खोलीला अर्धा आवाज पुरतो.

सुईचं प्रकरण आणखी मोठं. मूळचा क्रिस्टल पिकअप, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा भाग, पूर्ण मेला होता. त्यातलं रोशेल सॉल्ट ओल शोषून घेतं, आपल्या पावसाळ्यांत ते टिकणं कठीणच. त्याजागी सिरॅमिक पिकअप बसवला. त्याला दोन सुया असतात. छोटी खिट्टी फिरवली की एक एलपीसाठी, दुसरी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांसाठी. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या सुमारे तिप्पट रुंद. एलपीची सुई तिथे तळाशी जाऊन खरडते आणि फक्त खरखर ऐकू येते. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलांवर ७८ चा वेगच नसतो. माझ्याकडे आजोबांच्या पेटीतल्या चाळीसेक तबकड्या आहेत, बऱ्याचशा कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या, त्यात बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर. त्या मी यापूर्वी मोबाइलवरच ऐकल्या होत्या. मोबाइलवर आवाज पातळ, शिट्टीसारखा. इथे ऑर्गनला खालचा भरीव सूर आहे, आणि तान घेण्यापूर्वीचा श्वास ऐकू येतो. बारीक, वरचे स्वर या यंत्रात कमीच येतात, म्हणूनच खरखरही मागे राहते. त्या तबकड्यांना हा स्पीकर शोभतो.

नव्या महागड्या एलपी मात्र यावर लावू नका. सिरॅमिक पिकअपचा भार पाच-सहा ग्रॅम असतो, आजच्या चांगल्या टर्नटेबलचा दोनच्या आत-बाहेर. खाच झिजते. आणि चेंजरवर सहा-सहा रेकॉर्डची चळत मी लावत नाही. ७८ ची तबकडी वरून पडून टवका उडाला तर परत मिळणार नाही. एकेक लावते, दर तीन-साडेतीन मिनिटांनी उठते.

आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अगं, झाकण लाव आधी." तिच्या लहानपणी शेजारच्या वाड्यात असाच होता, मुलांना झाकणाला हात लावू देत नसत. तिचं खरं आहे. सुई खाचेत स्वतःच बारीक चिवचिवते. झाकण लावलं की ती चिवचिव आत राहते आणि फक्त गाणं बाहेर येतं.

रेडिओवर एफएम नाही, मिडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. डायलवर आकडे मीटरमध्ये, म्हणजे तरंगलांबीचे आहेत, पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर म्हणून काटा ३८० च्या जरा अलीकडे थांबवायचा. गच्चीवर ३० फूट वायर टाकल्यापासून सकाळच्या बातम्या स्वच्छ येतात. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर चालू असले की करकर वाढते, म्हणून रेडिओ लावताना ते बंद करते.

पावसाळ्यात झाकण फुगलं आणि अडकायला लागलं. सुताराने रंधा काढला, पण मी त्याला घासायला दिलं नाही, आणि पॉलिश स्पिरिटने पुसायला निघाला तेव्हा थांबवलं. जुनं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं. ७८ च्या तबकड्यांतही तीच लाख. दोन्ही स्पिरिटमध्ये विरघळतात. त्यामुळे तबकडी मी किंचित ओल्या मऊ कापडाने पुसते, आणि रेडिओग्रामची पेटी नुसत्या कोरड्याने. रोज तासभर सेट चालू ठेवला की व्हॉल्व्हच्या उबेने आतली ओलही जाते. वीज मीटर लावून मोजली, ७० वॉटच्या आसपास.

मागच्या महिन्यात एका कॅफेवाल्याने २५ हजार देऊ केले. काउंटरसाठी हवा होता. यंत्राचं काय करणार, असं विचारलं तर "ते तुम्हीच ठेवून घ्या," म्हणाला. मी नाही म्हटलं.

सध्या एकच काम राहिलंय. स्टेशन बरोबर लागलं की मिटणारा तो हिरवा डोळा फार मंद झालाय, अंधार केला तरच दिसतो. तोही एक व्हॉल्व्हच. काका एका जुन्या सेटमधून काढलेला तसाच व्हॉल्व्ह घेऊन रविवारी येणार आहेत.