तीन लाइफ जॅकेटे, दोन हंगाम : वापरानंतरचा अभिप्राय

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या भागातल्या एका जलाशयावर नौकाविहारासाठी गेलो होतो. तिथे खुंटीवरून काढून दिलेली लाइफ जॅकेटे ओली, कुबट वासाची आणि सगळी एकाच मापाची होती. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला दिलेले जॅकेट त्याच्या मांड्यांपर्यंत लोंबत होते, आणि मधले बक्कल तुटल्यामुळे त्या जागी सुतळीची गाठ मारलेली होती. आम्ही नावेत न बसता परतलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून विद्यार्थी आणि शिक्षिका बुडाल्या. त्या नावेत क्षमतेपेक्षा जास्त मुले होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, ही बातमी माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती. म्हणून जलाशयावरून परतल्यावर त्याच आठवड्यात मी घरासाठी तीन जॅकेटे ऑनलाइन मागवली. मोठ्यांची दोन प्रत्येकी चौदाशे रुपयांना आणि मुलाचे साडेआठशेला मिळाले. कंपनीचे नाव देत नाही, कारण याच शिलाईची जॅकेटे निरनिराळी नावे लावून विकली जाताना मी नंतर पाहिली.

विकणाऱ्याने ठळक अक्षरांत लिहिले होते की हे जॅकेट १२० किलो वजनाच्या माणसापर्यंत चालते. हा आकडा बहुतेक ग्राहकांना दिलासा देतो, परंतु त्यातून जॅकेट किती तारते हे मुळीच कळत नाही. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या वजनाचा बहुतांश भार पाणीच उचलते आणि उरलेले काही किलो जॅकेटला पेलावे लागतात. म्हणून पाहायचा तो आतल्या कापडी पट्टीवरचा न्यूटनचा, म्हणजे उचलीच्या जोराचा आकडा. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलोची उचल. पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसाला ती आधार देते. १०० न्यूटन म्हणजे सुमारे दहा किलोची उचल. मानेमागे कॉलर असलेले असे जॅकेट थकलेल्या किंवा भोवळ आलेल्या माणसाला उताणे करून तोंड पाण्यावर ठेवण्याच्या दृष्टीने बनवलेले असते. मोठ्यांच्या जॅकेटांवर १०० आणि मुलाच्या जॅकेटावर ५० लिहिलेले होते. मुलाला अजून पोहता येत नाही, हे लक्षात घेता तिथेच माझी निवड चुकली होती. पण ते मला पुढे कळले.

पट्टीवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आमच्या शेताच्या धुऱ्याला (बांधाला) लागून असलेल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मी जॅकेटे तपासली. गावातल्या किराणा दुकानातून लोखंडी मापे मागून आणली. पाण्यात लोखंडाचे वजन साधारण आठव्या हिश्श्याने कमी भरते, म्हणजे दहा किलोचे माप पाण्यात पावणेनऊ किलोच्या आसपास ओढते. मोठ्यांच्या दोन्ही जॅकेटांना दहा किलोचे माप बांधून रात्रभर ठेवले, तर ती सकाळीही खांद्यापर्यंत वर होती. आणखी दोन किलो जोडल्यावर मात्र ती सावकाश खाली गेली. मुलाच्या जॅकेटाने पाच किलोचे माप रात्रभर तारून धरले. इथपर्यंत दावा खरा ठरला, आणि या किमतीच्या मालाकडून मला एवढीही अपेक्षा नव्हती.

खरा दोष दाखवला तो बोडीत मासोळ्या धरायला आलेल्या आमच्या ढिवर मित्राने. मुलाने जॅकेट घालून दोन्ही हात वर केले आणि ते त्याच्या हनुवटीपर्यंत चढले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, पोट्ट्यानं हात वर केले तं जाकीट वर राहीन अन् पोट्टं खाली जाईन.” मुलांच्या जॅकेटाला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असतो, तो याच कारणासाठी. या जॅकेटाला तो होता, परंतु एकच, अरुंद, आणि ओला झाला की बकलातून सरकणारा. तेव्हापासून मी कोणत्याही ठिकाणी, जॅकेट आपले असो वा तिथले, सर्व पट्टे आवळल्यावर जॅकेटाचे दोन्ही खांदे धरून ते वर उचलून पाहतो. कान झाकले गेले तर ते जॅकेट त्या माणसाचे नव्हे.

मोठ्यांच्या जॅकेटाबद्दल तक्रारी किरकोळ आहेत. सोबतची शिट्टी ओली झाली की वाजत नाही. मी दुसरी, आत गोटी नसलेली शिट्टी बांधली. उन्हात वाळत घातल्याने केशरी रंग एका उन्हाळ्यात फिका पडला. साडी नेसलेल्या बाईला पायांमधला पट्टा घालता येत नाही, ही अडचण कोणत्याच जाहिरातीत सापडणार नाही. माझ्या आईने तो घालण्यास साफ नकार दिला, म्हणून तिच्यासाठी कमरेचा पट्टा जास्त घट्ट आवळावा लागतो. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध आणि रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर आम्ही ही जॅकेटे चार वेळा वापरली. प्रत्येक वेळी काठावरच, नावेत पाऊल टाकण्याआधी घातली. नावेत बसल्यावर जॅकेट मांडीवर घेऊन फोटो काढणारे प्रत्येक फेरीत दिसतात. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात ९ जुलै २०१७ रोजी आठ तरुण बुडाले, त्याला फार काळ लोटलेला नाही. हिवाळ्यातल्या सकाळी नवेगावच्या सात बहिणींच्या टेकड्यांखाली पाणी शांत असते. मे महिन्यातल्या दुपारी वावटळ कोणत्या बाजूने उठेल हे तिथले नावाडीही सांगत नाहीत, म्हणून तेव्हा आम्ही जात नाही.

यंदा दसऱ्यानंतर पुन्हा बोडीतली तपासणी केली. मोठ्यांची जॅकेटे पहिल्यासारखीच तरली. मुलाचे जॅकेट मात्र पाच किलोच्या मापासह बुडाले. पावसाळाभर ते धानाच्या पोत्यांखाली दबून होते, आणि आतला फोम चेपून निम्म्याहून पातळ झाला होता. यात कंपनीपेक्षा माझा दोष अधिक आहे. जॅकेट दडपणाखाली न ठेवता सावलीत टांगावे लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मोठ्यांचे जॅकेट मी पुन्हा घेईन. मुलासाठी १०० न्यूटनचे, कॉलर आणि दोन रुंद पट्टे असलेले जॅकेट मागवले असून ते येईपर्यंत नौकाविहार बंद आहे. जुने जॅकेट कोणाला देऊन टाकण्याचा विचार सौभाग्यवतींनी मांडला होता. मी त्याचे सर्व पट्टे कापले, आणि आता ते कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरले आहे.